हसण्याचा गल्ला आणि शिकण्याचा खर्च

(नाट्यप्रशिक्षण घेणाऱ्या मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी स्टँड-अप कॉमेडीचा मदत-प्रयोग करायचं ठरल्यावर, त्याच्या तयारीच्या बैठकीत निरनिराळ्या गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं हे भाषण. थोडं संपादित करून देत आहोत. – संपादक)



पुढच्या महिन्यात आपण जो कार्यक्रम करणार आहोत त्यावर गेल्या दोन बैठकांत भरपूर वाद झाले. ते चांगलंच झालं. नाटक शिकणाऱ्या मुलींना मदत करायला कुणाचाच विरोध नव्हता. वाद होता तो पैसे उभे करण्याच्या मार्गाबद्दल. एका बाजूने विचारलं गेलं, 'स्टँड-अपच कशाला? बायकोवर, सासूवर, जाड्या बाईवर विनोद करायचे आणि टाळ्या घ्यायच्या, हेच तर तिथं चालतं. ज्याच्याविरुद्ध आपण इतकी वर्षं बोललो, त्याच्याच तिकिटांवर आता मुलींना शिकवायचं?' दुसऱ्या बाजूने उत्तर आलं, 'मग काय, परिसंवाद ठेवायचा? त्याला तिकीट काढून कोण येणार?' दोन्ही प्रश्न खरे आहेत. आज मी त्या दोन्हींबद्दल बोलणार आहे आणि शेवटी काही सूचना मांडणार आहे. त्या पटल्या नाहीत तर भांडा, पण कार्यक्रमाच्या आधी भांडा.

पहिली गोष्ट, मदतीसाठी नाटक करणं आपल्याला नवं नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव भोसले आणि बालगंधर्व ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची माणसं टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच रंगमंचावर आली. त्याच्या कथा आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितल्या आहेत. पण त्या कथेत एक गोष्ट कुणी मुद्दाम सांगत नाही, कारण ती त्या काळात सांगण्यासारखी वाटतच नव्हती. धैर्यधर केशवराव होते आणि भामिनीसुद्धा पुरुषच, म्हणजे बालगंधर्व होते. राष्ट्रकार्याच्या त्या रात्री बाईचं काम करायला बाई नव्हती. त्यानंतर बारा वर्षांनी, १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या, ती घटना म्हणून इतिहासात नोंदली गेली.

दुसरं उदाहरण आपल्या विषयाच्या अधिक जवळचं. एका माणसाने रंगमंचावर उभं राहायचं, नेपथ्य नाही, नटसंच नाही, आणि दोन-अडीच तास लोकांना हसवायचं, हे मराठी प्रेक्षकाला स्टँड-अप हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. पु. ल. देशपांडे 'बटाट्याची चाळ' एकटे करत. त्या हशाचे पैसे पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानातून समाजाकडे गेले. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं, त्यामागे याच दांपत्याची देणगी होती. या सगळ्यात सुनीताबाई कुठे होत्या? प्रयोगाची व्यवस्था, हिशेब, शिस्त, करारातल्या अटी, सगळं त्यांच्याकडे. प्रेक्षकांनी पाहिला तो माईकसमोरचा माणूस. १९९० साली 'आहे मनोहर तरी' आलं तेव्हा कुठे लोकांना कळलं की हसवण्यामागे इतकं काम असतं आणि ते काम कुणीतरी करत असतं.

तिसरं उदाहरण तर चळवळीच्या घरातलंच. ऐंशीच्या दशकात सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला तो 'लग्नाची बेडी'च्या प्रयोगांवर. आचार्य अत्र्यांचं १९३६ सालचं विनोदी नाटक, आणि काम करायला डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा यांच्यासारखी मंडळी. गावोगावी प्रयोग झाले. जमलेला पैसा वाटून संपवला नाही. मुद्दल ठेवून व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची योजना झाली. त्यामागचा विचार साधा होता. समाजासाठी झटणाऱ्यालाही पोट असतं, आणि ते भरणं ही दया नाही, समाजाने मानलेली कृतज्ञता आहे. हा विचार आपण आज नाटक शिकणाऱ्या मुलीला लावू शकतो का, एवढाच माझा प्रश्न आहे.

परदेशातही हा रस्ता मळलेला आहे. १९७६ साली लंडनमध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसाठी विनोदी कलावंतांनी कार्यक्रम केले. १९८५ साली इथिओपियातल्या दुष्काळाच्या वेळी तिथे 'कॉमिक रिलीफ' सुरू झालं. पैसा प्रचंड जमला. पण ॲम्नेस्टीच्या त्या पहिल्या कार्यक्रमाची यादी काढून बघा, बहुतेक सगळे पुरुष. म्हणजे चांगल्या कामासाठी हसवण्याचा मानसुद्धा आधी पुरुषांकडे गेला.

आता दुसरा मुद्दा, बायका आणि विनोद. 'बायकांना विनोद कळत नाही' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. स्त्रीमुक्तीवाल्यांना तर अजिबातच कळत नाही म्हणतात. २००७ साली एका नामांकित अमेरिकन मासिकात एका नामांकित लेखकाने बायका विनोदी का नसतात, यावर अख्खा लेख लिहिला होता. त्याला कधी भोंडल्याला बोलवायला हवं होतं.

भोंडल्याच्या गाण्यांत सासरचा वैद्य कसा गबाळा आणि माहेरचा कसा रुबाबदार, याची वर्णनं फेर धरून म्हटली जातात. मंगळागौरीच्या रात्री बायका पदर खोचून सासूची, नवऱ्याची, गावातल्या प्रतिष्ठितांची नक्कल करतात. उखाण्यात नाव घेताना हळूच चिमटा काढतात. हरियाणात आणि पश्चिम उत्तर प्रदेशात वरात निघून गेली की घरी राहिलेल्या बायका 'खोडिया' करतात. कुणी नवरा होते, कुणी नवरी, कुणी हवालदार, आणि एरवी ओठांवर येणार नाही ते सगळं त्या रात्री बोललं जातं. म्हणजे विनोद होताच. त्याला एकच अट होती, पुरुष नसले पाहिजेत. दार लावून हसायचं आणि सकाळी उठून पुन्हा डोक्यावर पदर.

चारचौघांत मात्र हसवण्याचं काम पुरुषाकडे. तमाशातली गवळण आठवा. वाट अडवणाऱ्या कृष्णाला आणि पेंद्याला फटकळ उत्तरं देते ती मावशी. सगळ्यात मोठे हशे तिचे. आणि ती मावशी परंपरेने पुरुषच करत आला. बाईने नाचायचं, गायचं, डोळे मोडायचे. टोला हाणायचा अधिकार लुगडं नेसलेल्या पुरुषाला. बाईने टोला हाणला तर तो जिव्हारी लागतो, हे समाजाला बरोबर कळलं होतं.

म्हणून बाई जेव्हा उघड्या रंगमंचावर विनोद करायला लागली तेव्हा तिला काहीतरी किंमत मोजून आत यावं लागलं. अमेरिकेत जॅकी 'मॉम्स' मेबली नावाची कृष्णवर्णीय कलावती होती. घरातला सैल झगा, वेडीवाकडी टोपी, दात नसलेलं तोंड. म्हातारीचं सोंग घेतलं म्हणून तिला गोऱ्यांच्या वंशद्वेषावर आणि म्हाताऱ्या पुरुषांच्या हावरेपणावर बोलता आलं. १९६२ साली ती कार्नेगी हॉलपर्यंत पोचली. फिलिस डिलर १९५५ साली पहिल्यांदा रंगमंचावर गेली तेव्हा सदतीस वर्षांची, पाच मुलांची आई होती. ती स्वतःच्या रूपाची, स्वतःच्या स्वयंपाकाची टर उडवायची. तेवढा कर भरल्यावर तिला नवऱ्याबद्दल बोलायची मुभा मिळाली.

आणि मग २०१८ साली ऑस्ट्रेलियाची हॅना गॅड्सबी 'नॅनेट' या कार्यक्रमात म्हणाली की हे आता बस. तिच्या म्हणण्याचा आशय असा: जो आधीच कोपऱ्यात ढकललेला आहे त्याने स्वतःची टर उडवली तर ती नम्रता नसते, तो अपमान असतो, बोलायची परवानगी मिळावी म्हणून केलेला. हे ऐकताना मला आपल्याकडच्या कितीतरी मुली आठवतात. गावाकडच्या बोलीची स्वतःच थट्टा करून, स्वतःच्या रंगावर स्वतःच आधी विनोद करून गटात जागा मिळवणाऱ्या.

पण आपल्याकडे दुसराही रस्ता निघाला आहे, तो विसरू नका. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' उभं केलं. पुरुषांची कामंसुद्धा बायकांनीच केली. चौकात, शाळेच्या पटांगणात, वस्तीत प्रयोग झाले, त्यांची संख्या हजारांत गेली. हुंडा, मारहाण, मुलीच्या जन्माचं सुतक, विषय सगळे जीवघेणे. तरी लोक हसत होते. आणि हसता हसता कुणाकडे बघून हसतो आहोत हे त्यांना कळत होतं. आपल्या चळवळीला विनोद वर्ज्य आहे असं म्हणणाऱ्यांनी तो प्रयोग पाहिलेला नसावा.

आज तर मुली एकट्या माईकसमोर उभ्या राहतात. पाळी, लग्न, नोकरी, आईबाप, घर भाड्याने मिळताना विचारलेली जात, सगळ्यावर बोलतात. त्याची किंमतही देतात. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या अग्रिमा जोशुआ या कलावतीचा एक जुना व्हिडिओ पसरला. विनोद आवडला नाही म्हणणं एक वेळ समजू शकतं. तिला मात्र बलात्काराच्या धमक्या आल्या. धमकी देणाऱ्या एका माणसाला वडोदरा पोलिसांनी ताब्यात घेतलं. विनोद करणाऱ्या पुरुषांवरही हल्ले होतात, त्यांचेही कार्यक्रम बंद पाडले जातात. पण बाईला गप्प करायचं असलं की लोक थेट तिच्या शरीरापर्यंत येतात. आणि आतलंही बोलू या. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'मी टू'ची लाट आली तेव्हा या क्षेत्रातल्या पुरोगामी म्हणवणाऱ्या पुरुषांचीही नावं पुढे आली. मोठा नट आणा, सभागृह भरेल, असं गेल्या बैठकीत कुणीतरी म्हणालं. भरेल. पण त्याच्या विनोदांतली बायको कशी असते हे एकदा ऐकून मग ठरवा.

आता ज्या मुलींसाठी हे करायचं त्यांच्याकडे येते. मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी विद्यापीठांत नाट्यशिक्षण मिळतं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात निवड झालेल्यांना विद्यावेतन असतं, पण तिथे पोचणाऱ्या मोजक्याच. बाकीच्या मुलींचं काय? सरकारी शिष्यवृत्ती कागदावर असली तरी ती वेळेवर हातात पडत नाही, हा जुना अनुभव आहे. आणि फी हा खर्चाचा एकच भाग आहे. नाटकाचं शिक्षण दहा ते पाच होत नाही. तालीम रात्री दहाला, अकराला सुटते. वसतिगृहाचं दार आठला-नऊला बंद होतं. २०१५ साली दिल्लीच्या विद्यार्थिनींनी 'पिंजरा तोड' म्हणत याच दारांविरुद्ध आंदोलन केलं होतं. दार बंद झालं म्हणून मुलीला बाहेर खोली घ्यावी लागते. खोली म्हणजे अनामत रक्कम. रात्री रिक्षा. तालमीमुळे संध्याकाळची नोकरी करता येत नाही. वर्गातला मुलगा एखाद्या मित्राच्या खोलीवर चटई टाकून, प्रसंगी स्टेशनवर रात्र काढून दोन वर्षं निभावून नेतो. मुलीला ते करता येत नाही.

मराठवाड्यातून आलेली एक विद्यार्थिनी मला म्हणाली, 'ताई, घरचे म्हणतात नर्सिंगला गेली असतीस तर कर्ज काढलं असतं. नाटकाला कोण कर्ज काढतं?' तिच्या आईवडिलांना मी दोष देत नाही. नर्सिंगच्या शेवटी पगार दिसतो, नाटकाच्या शेवटी काय दिसतं? विठाबाई नारायणगावकरांसारखी राष्ट्रपतींच्या हातून गौरव झालेली कलावतीसुद्धा शेवटी पैशाच्या विवंचनेत गेली, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. आईबाप घाबरणारच. पण त्याचा परिणाम असा होतो की रंगभूमीवर काय बोलायचं, कुणावर हसायचं, हे ज्यांच्या घरी दोन वर्षं बसून खाण्याची सोय आहे तेच ठरवतात. ऊसतोड मजुराच्या, घरकामगार बाईच्या मुलीला जे दिसतं ते तिथे येतच नाही. आलं तर थट्टेचा विषय म्हणून येतं.

पैशांचा साधा हिशेब मांडते. समजा, साडेतीनशे खुर्च्यांचं सभागृह, तिकीट ३०० रुपये, आणि तीनशे तिकिटं खपली. गल्ला ९०,००० रुपये. सभागृहाचं भाडं, ध्वनी, दिवे, छपाई, कलावतींचा प्रवास आणि मानधन यात निम्मे गेले असं धरा. राहिले ४५,०००. एका मुलीला खोली, खानावळ आणि येण्याजाण्यासाठी महिन्याला ४,५०० रुपये द्यायचे म्हटले, तर दहा महिने झाले. म्हणजे एका रात्रीत एका मुलीचं एक शैक्षणिक वर्ष. हा आकडा पाहून काही जणी हिरमुसल्या होत्या, एवढं करून एकच मुलगी? मला तो आकडा फार मोठा वाटतो. पण तो आपल्याला एक ताकीदही देतो. पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी पाच मुलींना थोडे थोडे पैसे देऊन फोटो काढायचे आणि दुसऱ्या वर्षी हात वर करायचे, हे आपण करायचं नाही. एकीलाच द्या, पण शिक्षण पुरं होईपर्यंत द्या.

आता सूचना.

पहिली, कार्यक्रमात काम करणाऱ्या मुलींना मानधन द्यायचं. थोडं का होईना, पण द्यायचं आणि आधी सांगून द्यायचं. 'चांगल्या कामासाठी आहे, फुकट कर' हे बाईला आयुष्यभर ऐकवलेलं वाक्य आहे. निदान आपण ते म्हणू नये. कुणी पैसे नाकारले तर तो तिचा निर्णय.

दुसरी, संहिता आधी मागवून तपासायच्या नाहीत. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे, त्याने १९७२ साली 'सखाराम बाइंडर'चं काय केलं ते आपल्याला माहीत आहे. आपण दुसरं मंडळ होऊ नये. मात्र निवड आपल्या हातात आहे. ज्यांना बोलवायचं त्यांचे कार्यक्रम आधी जाऊन बघा. त्यांच्याशी बसून बोला. एकच कसोटी ठेवा, टोला कुणाला लागतो? धुणंभांडी करणाऱ्या बाईला, तृतीयपंथीयाला, गावाकडच्या उच्चारांना, एखाद्याच्या जातीला लागतो, की ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला? आणि आपल्यावर, म्हणजे स्त्री-संघटनांवर विनोद झाला तर खुर्चीत नीट बसून ऐकायचा. आपल्या बैठका, आपले ठराव, आपले ठरावांवरचे उपठराव, यात हसण्यासारखं पुष्कळ आहे.

तिसरी, प्रयोग रात्री साडेनऊला ठेवायचा नाही. दुपारी चारला ठेवा. शेवटची बस चुकेल म्हणून ज्या बायका कधी नाटकाला जाऊ शकत नाहीत त्या येऊ देत. बाजूच्या खोलीत मुलं सांभाळायची सोय करा. पन्नास तिकिटं तीस रुपयांची ठेवा, घरकामगार संघटनेला द्या. गल्ला थोडा कमी होईल, तेवढी देणगी आपण इतर ठिकाणी मागू.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, शिष्यवृत्तीच्या अटी. रंगमंचावर बोलावून धनादेश द्यायचा नाही, नाव जाहीर करायचं नाही. पैसे दरमहा तिच्या स्वतःच्या खात्यावर. निवड समितीत एकटे प्राध्यापक नकोत, कारण ज्याच्या हातात गुण त्याच्याच हातात पैसे गेले तर मुलीला नाही म्हणायची सोय उरत नाही. समितीत एक माजी विद्यार्थिनी हवी. 'चांगल्या वर्तनाची' अट नको. तिने आपल्या संघटनेत काम करावं ही अटही नको. लग्न झालं, बाळंतपण आलं, तब्येत बिघडली म्हणून एखादं सत्र चुकलं तर मदत थांबणार नाही, हे लिहून द्या. अभिनयाइतकाच दिग्दर्शन आणि प्रकाशयोजना शिकणाऱ्या मुलींचा विचार करा. दिव्यांच्या शिडीवर मुलगी चढलेली मला अजून फार थोड्या ठिकाणी दिसते. आणि तालमीत किंवा वर्गात तिला त्रास झाला तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार कुठे करायची हे तिला पहिल्याच दिवशी सांगा. तक्रार केली तर तिच्यासोबत कुणी जायचं हेही आजच ठरवा.

काही जणी अजूनही म्हणतील, बलात्काराचे खटले, निराधार बायका, पाण्याचे प्रश्न सोडून नाटकाच्या मुलींना पैसे कशाला. मी एवढंच म्हणेन की त्या सगळ्या प्रश्नांवर आपण पथनाट्यं केली, गाणी केली, आणि ती करणाऱ्या मुली आपल्याला प्रत्येक वेळी नव्याने शोधाव्या लागल्या. ज्या हाताशी होत्या त्या घरी परत गेल्या, कारण पुढे शिकायला पैसे नव्हते. हे काम त्या कामांपासून वेगळं नाही.

तिकिटांची पुस्तकं टेबलावर आहेत. प्रत्येक गटाने पंचवीस तिकिटांची जबाबदारी घ्यावी, न खपलेली आठ दिवस आधी परत करावी, म्हणजे दुसऱ्या गटाला देता येतील. ज्यांना चौथ्या सूचनेतल्या अटींवर आक्षेप आहेत त्यांनी ते कागदावर लिहून द्या. त्यांवर चर्चा करूनच अर्ज छापायला जाईल.